‘नि’ नसलेला हंगाम

अहमदपूर

मन्मथअण्णा,
शरणु शरणार्थी.

लातूर जिल्हा झाल्यापासून आपल्या वाद्यवृंदाला लई मान आलाय. यंदा तीन कार्यक्रम ठरलेत: अहमदपूर, देवणी, बिलोली. दुष्काळ हाय, म्हणून तिकीट न्हाई. ज्यानं त्यानं तांब्याभर पाणी आणायचं. त्यावर माझा जलतरंग वाजणार, अन् वाजवून झालं की तेच पाणी मांडवामागच्या बैलांना. शेवटपर्यंत बैल तरी बसून ऐकतील!

वाद्यवृंदाच्या मास्तरांनी तुझा जलतरंग मला दिला, तेव्हा तू रागानं ‘नि’च्या वाट्या उचलून बिदरला गेलास. बाजारातल्या वाट्या लावून पाहिल्या, बद्द वाजल्या. म्हणून ज्यात ‘नि’ लागतच न्हाई असे राग निवडलेत. अहमदपूरला भूप, देवणीला दुर्गा. ऐकणाऱ्यांना पत्ताबी लागायचा न्हाई. तालमीत माझा हात मात्र त्या जागेवर जातो अन् मोकळा परत येतो.

हे पत्र टाकणार न्हाई, उगं तुझा भाव वाढेल. छापील पत्रिका तेवढी पाठवते. बिलोलीला शेवटी मी यमन छापलाय. ‘नि’शिवाय यमन होत न्हाई, हे तूच शिकवलंस.

तुझ्याशी अजून भांडण बाकी असलेली,
शरणम्मा