लांब मानेच्या जनावराचे पुढचे आणि मागचे पाय

लोरिन्या,
कार्निव्हल संपल्यानंतरचा रविवार

तीर्थरूप एउलालिया आत्यास,

बेल्मिरोचा इथून थेट ल्योंपर्यंत पोचेल असा नमस्कार. वाकून केला आहे असं समजून घे. प्रत्यक्षात सध्या वाकता येत नाही, आणि का येत नाही ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून भाजीची पिशवी दोरीने वर ओढून घेतेस? (अर्मिंदा म्हणते, आत्या स्वतःसुद्धा दोरीने वर जात असतील, त्यांचा नेम नाही.) आम्ही सगळे तुझ्या आशीर्वादाने बरे आहोत. म्हणजे मी आडवा आहे, पण बरा आहे.

आत्या, आधी तुझे आभार मानतो. आभार कशाचे, तर त्या उन्हाळ्याचे. तू फ्रान्सहून सुट्टीला आली होतीस आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं गोळा करून आम्हाला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये डायनासोरचा पहिला सिनेमा दाखवायला नेलं होतंस. लाकडी खुर्च्या, मागे पाण्याचे बंब उभे, आणि पडद्यावर ते जनावर झाडामागून डोकं काढतंय. तू मध्येच उभी राहून त्या नायकाला फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडलीस. नंतर कळलं की 'गाढवा, मागे बघ' असा त्याचा अर्थ होता. त्याने बघितलं आणि तो वाचला, त्यामुळे कित्येक वर्षं माझी समजूत होती की तूच त्याला वाचवलंस. माझ्या शेजारी कुस्तोदियो बसला होता. तेव्हा तो नुसता शेजारचा कुस्तोदियो होता, अर्मिंदाचा भाऊ आणि माझा मेहुणा व्हायला अवकाश होता. सिनेमाभर त्याने तुझ्या झग्याचं टोक धरून ठेवलं होतं, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, मी जनावरांचा डॉक्टर होणार. झालाही. मी मोटार चालवायला शिकवणारा झालो. आता याचा डायनासोरशी काय संबंध, असं विचारशील, तर माझ्या गाडीत येऊन बस म्हणजे कळेल. रस्त्यावर काय काय बेफाम सुटलेलं असतं ते.

तर त्या सिनेमाचा नवा भाग येत्या जुलैत लागतोय. मधल्या भागांबद्दल मी काही बोलत नाही. घरातल्या वाया गेलेल्या पोरांबद्दल आपण पाहुण्यांपुढे बोलतो का? (एका भागात डायनासोर लग्नाच्या मांडवात शिरला होता. गेल्या भागात नायिकेने त्याच्यापुढे भाषण केलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.) पण या खेपेला पहिल्या भागातली डॉक्टरीणबाई परत येणार, जुनं संगीत परत येणार आणि जनावरंही कॉम्प्युटरवर न काढता पुन्हा रबराची, दोऱ्यांनी हलणारी करणार, अशी बातमी आली. ग्रासिएतबाईंच्या कॅफेत आमचं मंडळ भरतं हे तुला ठाऊक आहेच. समुद्राकडच्या कड्यात खऱ्या डायनासोरांची हाडं सापडणारं गाव म्हटल्यावर असं मंडळ असायलाच हवं. तिथे आम्ही सिनेमाची पहिली झलक एकत्र बसून पाहिली. झलकेत दिसलं काय? धुकं, धुक्यात एक डोळा, आणि शेवटी एक शेपूट. बस्स.

आणि मंडळ फुटलं.

मी म्हणालो, ज्याच्याकडे दाखवण्यासारखं असतं तोच झाकून ठेवतो. कुस्तोदियो म्हणाला, ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं तोही झाकूनच ठेवतो. मी म्हणालो, डॉक्टरीणबाई परत येतेय. तो म्हणाला, तिचे गुडघे बघितलेस? ती पळणार कशी? मी म्हणालो, ते जनावर खऱ्यासारखं श्वास घेतंय. तो म्हणाला, मी रोज जनावरांचे श्वास ऐकतो, हा पंपाचा आवाज आहे. इथवर ठीक होतं. पण मग मी म्हणालो की तुझ्या तोंडाने आजवर कुठल्या पाहुण्याचं स्वागत झालंय? त्यावर तो उठला, कॉफी तशीच टाकली आणि निघून गेला. (कुस्तोदियो कॉफी टाकत नाही. कपाच्या तळाची साखरसुद्धा चमच्याने खातो.) त्यानंतर आम्ही बोलेनासे झालो. रविवारचं जेवण, जे आमच्या लग्नापासून कधी चुकलं नव्हतं, ते बंद पडलं. अर्मिंदा भावासाठी वेगळा डबा भरू लागली आणि माझ्या ताटात मासा वाढताना काट्याकडचा तुकडा वाढू लागली. कॅफेतही दोन बाजू झाल्या; आशावाले खिडकीशी आणि शंकावाले भट्टीशी. थंडीचे दिवस, त्यामुळे शंकावाल्यांची संख्या वाढत चालली.

ग्रासिएतबाई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी एक लांब मानेचा डायनासोर करायला घेतला. वेताच्या कड्या, त्यावर कॅफेच्या जुन्या छपराचं हिरवं कापड, आणि आत दोन माणसं, एक पुढच्या पायांना आणि एक मागच्या. मंडळात दोन पक्ष आहेत तर दोघांचा एकेक माणूस आत जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. माझा आणि कुस्तोदियोचा एकच उपाय होता, नाही म्हणायचं. दोघांनीही तोंड उघडलं. "गप बसा," ग्रासिएतबाई म्हणाल्या. "भांडायचं तर एका कातड्यात शिरून भांडा. निदान गिऱ्हाइकं तरी हसतील."

आशा पुढे आणि शंका मागे असं ठरलं. मंगळवारी दुपारी आम्ही आत शिरलो. पोटाची चेन ऐनवेळी तुटली, तेव्हा अर्मिंदाने मासेमारीच्या दोऱ्याने पोट खालून शिवून टाकलं. पक्कं शिवलं. (आता मला वाटतं, चेन आपोआप तुटली नसावी. पण या संशयाला पुरावा नाही आणि पुरावा शोधायची हिंमतही नाही.) मला मानेतल्या जाळीतून थोडंफार दिसत होतं. कुस्तोदियोला माझ्या पाठीशिवाय काहीही दिसत नव्हतं. त्याने माझा कमरेचा पट्टा धरायचा आणि मी वळायच्या आधी त्याला सांगायचं, एवढं सोपं होतं. फक्त सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

बँड वाजू लागला, आम्ही निघालो, आणि चर्चपर्यंत फार छान गेलो. लोक वरून कागदाचे तुकडे टाकत होते, पोरं शेपूट ओढत होती. चर्चच्या कोपऱ्यावर मिरवणूक उजवीकडे वळते. रोज इतरांना शिकवणारा मी, वळण्याआधी इशारा न देता वळलो. मागचे पाय सरळ गेले. जनावराच्या मध्यभागी पीळ पडला, वेताची एक कडी मोडली, आणि आम्ही दोघं बेकरी आणि खाटकाच्या दुकानामधल्या उताराच्या बोळात घरंगळलो. मान बोळात अडकली, शेपूट रस्त्यावर राहिलं. माझ्या कमरेत अशी कळ आली की मी मोठ्याने बोंब मारली. त्यावर टाळ्या पडल्या. कुस्तोदियोने मदतीसाठी हाक मारली, टाळ्या वाढल्या. आम्ही पाय झाडले, तर कोणीतरी "वा, काय मरतोय बघा" म्हणालं आणि लोकांनी आमच्यावर आणखी कागद उधळले. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक झालं, तेही मी काम करत नसताना. मग बँड पुढे गेला, त्यामागे माणसं गेली, आणि आम्ही दोघं त्या हिरव्या अंधारात पडून राहिलो.

मग मागून आवाज आला.

"कमरेत भरलंय का?"

"हो."

"हलू नकोस. गाईला होतं असं. श्वास सोड." आणि त्याने माझ्या पाठीत गुडघा असा काही दाबला की मला सगळे संत एका रांगेत दिसले. पण कळ ओसरली. मी आभार मानले. तो म्हणाला, गाय मानत नाही, तूही मानू नकोस.

मग मी विचारलं, तोंड बघावं लागत नव्हतं म्हणून विचारता आलं, की बाबा रे, एका सिनेमावरून तू एवढा का चिडलास? तो हळूहळू सांगू लागला. त्याची लेक जासिंता, नॉर्वेत बर्गनला नर्स आहे ती, तुला माहीत आहे. आई गेल्यापासून ती बापाकडे फारशी येत नाही. भांडण नाही, काही नाही. ड्यूट्या असतात, लांब आहे, आणि बापाला फोनवर बोलता येत नाही. पण या सिनेमाचा भाग लागला की ती येते. लहानपणापासून दोघं मिळूनच पाहतात. गेला भाग पाहून बाहेर पडताना ती खूप हसली आणि म्हणाली, बाबा, आता पुरे झालं हे.

"आता हाही वाईट निघाला," कुस्तोदियो म्हणाला, "तर मग तिला बोलवायला माझ्याकडे काय उरलं, सांग. म्हणून मी आधीच म्हणून ठेवतो की वाईटच असणार. म्हणजे मग तिला येऊ नको म्हणायला सोपं."

मी मागे हात नेला, तो त्याच्या कानाला लागला. तिथेच थोडा वेळ ठेवला.

इतक्यात त्याचा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात वेताखाली अडकलेले, फोन डाव्या खिशात, आणि त्या खिशापर्यंत फक्त माझा हात पोचत होता. (ते कसं काढलं याचं वर्णन मी आत्याला लिहू शकत नाही.) फोन जासिंताचाच होता. कोणीतरी आमच्या पडण्याचं चित्रण गावभर पाठवलं होतं आणि ते आमच्याआधी नॉर्वेला पोचलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मागचे पाय तुमचे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"चालीवरून ओळखलं. डावा पाय टाकण्याआधी थांबता तुम्ही. लागलं का?"

"मला नाही. बेल्मिरोची कंबर गेली."

"मामांना म्हणावं, वळताना इशारा द्या." (मी तिच्या आईचा भाऊ असतो तर मामा झालो असतो, मी तिच्या आत्याचा नवरा. पण लहानपणी तिने चुकून मामा म्हटलं आणि कोणी सुधारलं नाही.) मग म्हणाली, "जुलैत सुट्टी टाकतेय मी. सिनेमाचं माझं तिकीट तुमच्यासोबत काढा."

मी कुस्तोदियोला कोपराने ढोसलं. तेव्हा तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "वाईट निघाला तर?"

"तर वाईट बघू," ती म्हणाली. "चांगला सिनेमा इथे बर्गनलाही लागतो, बाबा. त्यासाठी मी एवढ्या लांब येते असं वाटलं का तुम्हाला?"

त्यानंतर मागचे पाय रडले. मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण एकाच पोटात असल्यावर ते काही जमत नाही.

शेवटी ग्रासिएतबाईंनी मिरवणुकीत आपलं जनावर कमी आहे हे पाहिलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. ते भोंगा वाजवत आले, मोठ्या कात्रीने पोट कापलं आणि आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. बाहेर येताच अर्मिंदाने आधी भावाला पाहिलं, मग मला, आणि आम्ही एकमेकांचे हात धरलेत हे पाहून दोघांनाही शिव्या दिल्या. रात्रीचं जेवण सगळ्यांनी आमच्याकडे केलं. बटाट्या-कोबीचं सूप होतं, सॉसेज होतं, आणि माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा होता. कुस्तोदियो अजूनही म्हणतो की तो पंपाचाच आवाज आहे. मी अजूनही म्हणतो की श्वास आहे. पण आता तो हे म्हणताना माझ्या पाठीला गाईंचं मलम चोळत असतो.

मला किती जणांचे आभार मानावेत कळत नाही. त्या बोळाचे मानतो, की तो अरुंद होता. त्या दोऱ्याचे, की तो तुटला नाही. ज्या कोणी आमची फजिती चोरून टिपली त्याचेही. आणि सगळ्यात आधी तुझे, कारण त्या उन्हाळ्यात तू आम्हाला नेलं नसतंस तर हे दोन म्हातारे होत आलेले पुरुष आज कशाच्या निमित्ताने भांडले असते आणि कशाच्या निमित्ताने बोलले असते, देव जाणे. गुडघ्याची काळजी घे. थंडीत बाहेर पडू नकोस.

तुझा भाचा,
बेल्मिरो

ता. क. बाहेर पडू नकोस असं लिहिलं खरं, पण जुलैत एकदा पड. फ्रान्समध्ये सिनेमे बुधवारी लागतात, आमच्याकडे गुरुवारी. तू बुधवारचा पहिला खेळ बघ आणि मला फोन कर. गोष्ट सांगू नकोस. फक्त चांगला आहे की नाही तेवढं सांग. आणि चांगला नसला, तर तेवढ्यात आमची मनं तयार करू. पत्र लिहायचं खरं कारण हेच होतं. कमरेचं आपलं ओघात आलं.

ता. क. दुसरा. कुस्तोदियोला सांगू नकोस, पण ती झलक मी घरी पुन्हा पुन्हा पाहिली. पंपाचाच आवाज आहे.

(पुढचं दुसऱ्या अक्षरात.) ति. आत्याबाईंना कुस्तोदियोचा साष्टांग नमस्कार. कमरेमुळे बेल्मिरोला टपालपेटीपर्यंत जाववत नाही, म्हणून पत्र माझ्या हाती दिलं, आणि पाकीट चिकटवायचं माझ्यावरच सोपवलं. शेवटच्या ओळी वाचून जीव गलबलला. त्याची आशा गेली तर मंडळ कसं चालायचं? तेव्हा बुधवारी फोन करून त्याला चांगला आहे असंच सांगा, मग तो कसाही असो. मला फोन करायची तसदी घेऊ नका. जासिंताचं विमानाचं तिकीट निघालंय, त्यामुळे सिनेमा चांगला आहे हे मला आधीच कळलंय.