हिरव्या झग्याच्या बाह्या

२ जून, सोमवार
आजही तोच अवतार! गळ्यापर्यंत कॉलर, फुग्यांच्या बाह्या, घोट्यापर्यंत घोळ — लेक अशीच कामावर गेली. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. तीन महिने कच्ची नोकरी; पक्की करायची की नारळ द्यायचा, ते तेरा तारखेला ठरणार. आणि हिचं काय चाललंय? नवंकोरं कापड आणायचं नि पन्नास वर्षांपूर्वीचं दिसेल असं शिवायचं! वर मलाच शिकवते, "आई, जुन्या धाटणीचं आहे, जुनं नाही."

लोकांना काय कळतंय? समोरची शेजारीण जिन्यात म्हणालीच, "कुणाकडून मिळतात हो हिला कपडे?" मिळतात!

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "अंग झाकलंय ना पोरीचं? मग तुझ्या देवाची काय तक्रार?"

५ जून, गुरुवार
शेजारणीचं ते "मिळतात" मनातून जात नाही. मॅट्रिकच्या वर्षी माझ्या अंगावर आत्याचा उतरलेला हिरवा झगा होता — अशाच फुग्यांच्या बाह्या, पुढे बारा बटणं. खांद्यांत सैल, काखेत घट्ट. वर्गातल्या पोरी रोज विचारायच्या, "आज कुणाच्या अंगावरचा ग?" त्या झग्यातला एक फोटो पेटीच्या तळाशी, कागदाखाली घालून ठेवलाय. फाडवला नाही, बघवतही नाही.

काटकसरीची मला लाज नाही. पण माझ्या लेकीला तो प्रश्न कुणी विचारू नये, देवा.

९ जून, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी आज हिला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "रोज असंच घालतेस?" ही हसत हसत सांगते!

मशीनवर नवं कापड दिसलं — बाटलीसारखं हिरवं. "हिरवं नको ग," म्हटलं. "का?" म्हणाली. काय सांगणार, कप्पाळ! शुक्रवारसाठीच असणार. दुसरं कशाला?

११ जून, बुधवार
जप दोनदा चुकला. हिशेबाची वहीही उघडली नाही.

१२ जून, गुरुवार
केलं मी. ती कामावर गेल्यावर हिरवा झगा काढला. बाह्या उसवल्या, फुगा कापला, सरळ साध्या करून पुन्हा लावल्या. कंबर बरीच सैल वाटली. म्हटलं, असेल हल्लीची तऱ्हा. कापलेले तुकडे चिंध्यांच्या गाठोड्यात बांधले — टाकवेनात. ऐन वेळी दुसरं शिवायला सवड नाही, मुकाट्याने घालील. पाप असेल तर माझ्या माथी.

१३ जून, शुक्रवार
हिरव्याला हातसुद्धा न लावता राखाडी घालून गेली! तोच फुगा, तीच कॉलर! दिवसभर मी दाराशी आत-बाहेर. देवाला किती वेळा हाक मारली, तोही कंटाळला असेल.

संध्याकाळी आली. पक्की झाली!

"आणि कपड्यांबद्दल? काही बोलल्या?"

"बोलल्या ना. खिसे मोठे शिव म्हणाल्या, कपाटाच्या चाव्या मावतील असे."

हे हसता हसता खोकायला लागले. मला हसू येईना. हिरवा अजून कपाटातच आहे.

१४ जून, शनिवार
सकाळी तिने तो काढला. बाह्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "नोकरी पक्की झाली की तुला द्यायचा होता, आई," एवढंच म्हणाली आणि झगा माझ्या हातात दिला. खिशात माझाच फोटो — पेटीच्या तळाचा.

घालून बघितला. खांद्यांत बरोबर, काखेत बरोबर, कंबरेतही. तोच झगा — पण या वेळी माझ्या मापाचा.

गाठोडं सोडून बसलेय. एका बाहीचे तुकडे मिळाले. दुसरीचे शोधतेय.