चालू शिवणयंत्र निकामी ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
बाल शिवणवर्ग योजना,
तालुका कार्यालय, वसई, जि. ठाणे.

अर्जदार: मार्सेल जुझे फुर्ट्याडो, निवृत्त कारकून, मु. अर्नाळा, ता. वसई.

विषय: अर्नाळा शिवणवर्गाचे जुने मशीन मुलांना शिकवण्यासाठी विकत मिळणेबाबत व त्याकरिता ते निकामी ठरवणेबाबत.

संदर्भ: पाहणी समितीचा शेरा, 'मशीन सुस्थितीत. सबब विक्रीस अपात्र.'

महोदय,

१. आपल्या योजनेचा अर्नाळा येथील शिवणवर्ग माझी पत्नी ॲंजेला चालवीत असे. मासे सुकवणाऱ्या घरांतली मुले-मुली शाळा सुटली की तिच्याकडे येत. यंदा पावसाळ्याआधी ती वारली. तिच्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही, वर्ग बंद झाला आणि मशीन आपल्या भांडारात जमा झाले. मुले मात्र बंद झाली नाहीत. अजूनही शनिवारी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मी त्यांना बिस्किटे देतो आणि घरी पाठवतो.

२. सदर मशीन मी स्वखर्चाने घेण्यास तयार आहे. शिकवण्याचे काम गावातील रंभा मेहेर करील. ती ॲंजेलाकडेच शिकलेली आहे. 'दुसरे जुने मशीन घ्या, विरारला ढिगाने मिळतात,' असे आपल्या कार्यालयातून सुचवण्यात आले. परंतु या मशीनच्या पाय मारायच्या पायट्यावर ॲंजेलाने होडीच्या सुताराकडून एक फळी ठोकून घेतलेली आहे, त्यामुळे लहान मुलांचे पाय पोचतात. तशी फळी दुसऱ्या मशीनलाही ठोकता येईल हे मला समजते. खरे कारण लिहितो. तिचे कपडे घरात आहेत, जपमाळ आहे, पण ती कामाला बसली की जो आवाज व्हायचा तो नाही. मला तो आवाज पाहिजे. हे कारण नियमात बसत नसल्यास कृपया फळीचे कारण धरावे.

३. निकामी ठरलेली वस्तूच विकता येते, असा आपला नियम आहे. त्याप्रमाणे समिती पाहणीला आली. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटला की आधी अंगण सारवतात. त्याच सवयीने रंभाने व मुलींनी, साहेब लोक येणार म्हणून, भांडाराच्या ओसरीत मशीन घासूनपुसून, तेल घालून, दोरा ओवून तयार ठेवले. 'हे चालते का?' असे अध्यक्षांनी विचारताच उन्नती नावाची मुलगी शाबासकीच्या आशेने बसली आणि तिने सरळ टीप मारून दाखवली. एका सदस्यांच्या पिशवीचा उसवलेला बंद रंभाने तेवढ्यात शिवून दिला. सर्वांनी कौतुक केले व वरील शेरा मारून समिती गेली. मुलींना वाटले, आपण पास झालो. परतताना त्या गाणी म्हणत होत्या आणि मशीन आता मिळणार नाही, हे मला त्यांना सांगवेना.

४. तेव्हापासून मशीन पुन्हा आत, गळक्या पत्र्याखाली आहे. चालते म्हणून विकता येत नाही, आणि वर्ग नाही म्हणून वापरता येत नाही. आपल्या कारकुनांनी मला सहानुभूतीने सांगितले, 'काका, अजून दोन पावसाळे जाऊ द्या. गंजून आपोआप निकामी होईल, मग घेऊन जा.' मी स्वतः उभा जन्म कारकुनी केली आहे, त्यामुळे नियमांचा मला राग येत नाही. त्या दिवशी आला.

५. दुसरा मार्ग त्यांनीच दाखवला. शिक्षिकेच्या वारसाने 'मशीन तिच्या हयातीतच निकामी झाले होते, तिने तसे कळवले नाही' असे लिहून दिल्यास फेरपाहणी घेता येईल. म्हणजे ॲंजेला मुलांना बिघडलेल्या मशीनवर बसवीत होती आणि सरकारपासून ते लपवीत होती, असे मी, तिच्या नवऱ्याने, लिहायचे. मी रंभाकडे साक्षीदार म्हणून सही मागितली. ती म्हणाली, 'बायच्या मशीनला मी वाईट बोलनार नाय. तुमी बोला, तुमचा मानूस व्हता.' आणि रडत निघून गेली.

६. महोदय, मी दोनदा लिहून फाडले. आज लिहिले. ते सोबत जोडले आहे. त्यातले एक अक्षरही खरे नाही, हे आपणांसही ठाऊक आहे, पण त्याशिवाय मुलांना मशीन मिळत नाही आणि मला दुसरा उपाय सुचत नाही. ॲंजेला असती तर तिने माझ्या हातातून पेन काढून घेतले असते.

७. फेरपाहणीत हे निवेदन मला समितीपुढे तोंडी वाचून दाखवावे लागेल, असे समजते. मी वाचीन. एवढीच विनंती की पाहणी शनिवारी ठेवू नये. मुले शाळेत असतील अशा वेळी ठेवावी. त्यांच्या बाईंबद्दल मी काय बोललो, ते त्यांच्या कानावर जाऊ नये.

आपला नम्र आणि नाइलाज झालेला,

मा. जु. फुर्ट्याडो
अर्नाळा, दि. २२ नोव्हेंबर १९९९

सोबत:
१. पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
२. माझे निवेदन, सहीसह. साक्षीदार नाही.