चौदा खणांची डबी

२१ डिसेंबर

सुटलो! भोंगा वाजला आणि आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे फाटकाबाहेर. आता नवीन वर्ष उजाडेपर्यंत कारखाना बंद. मुकादम म्हणाला, "घरी जा, पोटभर झोपा, माणसात या." त्याला काय जातंय बोलायला! माझं घर इतकं लांब की जाऊन पाय धुवेपर्यंत परतायची वेळ होईल. म्हणून इथेच. मी, ही खोली आणि माझा जोडीदार आचारी.

संध्याकाळी ताईचा फोन. आवाज मुद्दाम साधा ठेवलेला, म्हणजे काहीतरी आहे. शेवटी बोलली. जुनं सामान घेणारा दुकानदार आला होता. बाबांची हत्यारं मागतोय. रंधे, करवती, पटाश्या, सगळा पेटारा. नवीन वर्षात बघायला येणार.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, दे."

दे! ज्या पेटाऱ्याला हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्लाय, तो दे!

२२ डिसेंबर

दिवसभर पायाला भिंगरी. बाजार हिंडलो. दुकानांवर दिव्यांच्या माळा, लोकांच्या दोन्ही हातांत पिशव्या. मला काही घ्यायचं नव्हतं. परत आलो, परत गेलो.

आचारी दुपारी तासभर पडायला येतो. हॉटेलात हंगाम आहे, बिचाऱ्याला मान वर करायला वेळ नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालतोय बघून पांघरुणातूनच ओरडला — "तू सुट्टीवर आलायस की माझ्या झोपेवर?"

डोक्यात तेच. बाबा शिडीवरून पडले, मनगट मोडलं. प्लास्टर कधीच निघालं. डॉक्टर म्हणतात हात ठणठणीत आहे. ताई म्हणते त्याच हाताने कांदा चिरतात, सुईत दोरा ओवून देतात. पण रंधा नाही. "हाताचा भरवसा नाही," एवढंच. त्यांची कामाची शेड बंद. सगळ्या गल्लीची दारं नीट करणारा माणूस, आणि आमच्या न्हाणीघराचं दार फुगून बसलंय ते तसंच. लागतच नाही! आत गेलं की मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. ताईचा नवरा तर रोज सकाळी अख्ख्या गल्लीला उठवतो. भाऊजींचा गळा म्हणजे भोंगाच.

आई असती तर तिने त्या दुकानदाराला उंबऱ्यावरूनच पिटाळलं असतं.

२३ डिसेंबर

सुचलं! अंघोळ करताना सुचलं आणि साबणासकट बाहेर आलो.

ताई परवा म्हणत होती, बाबा गोळ्यांचा घोळ घालतात. "घेतली का" विचारलं तर म्हणतात, "घेतली असेल." मी त्यांना गोळ्यांची डबी करणार. लाकडाची. सात वारांचे सात खण, वर सरकतं झाकण. बाजारातली प्लॅस्टिकची नव्हे. अशी की हातात घेतली की सुताराला कळावं, ही सुताराच्या पोराने केलीय. मग बघू कसं म्हणतात, दे!

पण लाकूड कुठून आणू? कारखान्यात सगळ्या दाबलेल्या भुशाच्या फळ्या. त्याला लाकूड म्हणणं म्हणजे पावडरीच्या दुधाला गाय म्हणणं.

खाली घरमालकीणबाईंच्या दारात मोडकी खुर्ची पडली होती. अस्सल लाकूड! मागितली. म्हणाल्या, "फुकट कशाला? माझ्या बाकीच्या खुर्च्या डुगडुगतात, त्या नीट कर, ही ने." सगळ्या सांध्यांत सरस भरला, पाचरी मारल्या. वर शहाणपणाही शिकवला — "बाई, तुम्ही दिवसभर हीटर लावता ना, त्याने लाकूड आटतं. सांधे ढिले पडतात. लाकूड काय मेलेलं नसतं."

"अरे वा, मोठा मिस्त्री दिसतोस!" म्हणाल्या.

मी पण मान हलवली.

२४ डिसेंबर

स्वयंपाकाचं टेबल आता माझं. पटाशी माझी, करवत मुकादमाची, धारेचा दगड आचाऱ्याचा. दगडाला हात लावला तेव्हा तो सुऱ्या लपवून ठेवायला निघाला. खुर्चीच्या बुडातून चार फळ्या निघाल्या. आतली रेषा अशी सुंदर, की मी आचाऱ्याला उठवून दाखवली.

त्याने बघितली. म्हणाला, "छान. आता विझव दिवा."

दिवा नव्हता. दुपारचं ऊन होतं.

२५ डिसेंबर

वरच्या मजल्यावरची नर्स आमच्याच गावची. मोठी सुट्टी घेऊन निघालीय. डबी नेशील का विचारायला गेलो. म्हणाली, नेते, आणि लगेच बघायला खाली आली. मी ऐटीत सात खण दाखवले. सगळे कापून, बसवून, घासून तयार.

तिने बोट घालून मोजले. "एकच वेळ गोळ्या घेतात का रे तुझे बाबा?"

"नाही, सकाळ-संध्याकाळ."

"मग सात कसे? चौदा लागतात."

आचारी इतका हसला की त्याला ठसका लागला.

२६ डिसेंबर

पुन्हा पहिल्यापासून!

२७ डिसेंबर

चौदा खण. मधल्या पडद्या नखाएवढ्या जाड. एक तुटली, दुसरी तुटली, तिसरीला मी श्वास रोखून धरला. सरस सुकेपर्यंत दाबून धरायला शिकंजा नाही, म्हणून आचाऱ्याची पुस्तकं ठेवली. दोनच आहेत, दोन्ही जाडजूड. त्यावर पाण्याची कळशी. त्यावर काही वेळ मी.

खालून झाडूच्या दांड्याने ठोकणं — मालकीणबाई. ठकठक थांबव म्हणून ठकठक! भाजीत भुसा, अंथरुणात भुसा. आचारी ताटाकडे बघून म्हणाला, "आज मीठ कमी आणि खुर्ची जास्त झालीय."

मजा अशी की आज मला बाहेर जावंसंच वाटलं नाही. सकाळी बसलो तो ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा उठलो. मी! पाच नोकऱ्या सोडलेला मी! बाबा नेहमी म्हणायचे, "ह्याला हात आहे, बूड नाही." एका जागी टिकत नाही म्हणून.

त्यांनी बघायला हवं होतं.

२८ डिसेंबर

झाकण!

दोन्ही बाजूंना खाच, त्यात झाकण सरकवायचं. काल जरा सैल बसलं होतं, खडखडलं. फेकून दिलं. नवीन केलं. काचकागदाने एक हात घासायचं, लावून बघायचं, परत एक हात. शेवटी असं बसलं की केस जाणार नाही. बंद करताना आतली हवा बाहेर पडते आणि बारीक आवाज येतो — फुस्स! डबी उभी धरली की झाकण स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरतं. आम्ही दोघं जमिनीवर बसून तेच करत होतो. वर, खाली, फुस्स. आचारी म्हणाला, "एकदा अजून." नर्स आली, तिनेही केलं. मालकीणबाई तक्रार करायला वर आल्या आणि त्यांनीही केलं!

तेल लावलं. खुर्चीची रेषा अशी उठून आली की मालकीणबाई म्हणाल्या, "ही माझीच खुर्ची का? मग द्यायलाच नको होती मी!"

२९ डिसेंबर

नर्स गेली. डबी तिच्या पिशवीत, स्वेटरात गुंडाळून. मी चार वेळा सांगितलं, आपटू नको. पाचव्यांदा ती म्हणाली, "मी लहान मुलं सांभाळते. ही तर रडतही नाही."

१ जानेवारी

आचाऱ्याने हॉटेलातून उरलेला केक आणला. त्यावर कुणा दुसऱ्याचं नाव. आम्ही नावासकट खाल्ला.

३ जानेवारी

कारखाना सुरू. दाबलेल्या फळ्या, एकावर एक. ना गाठ, ना रेषा. चिकटवायच्या आणि विसरायच्या.

पण आज कशाचंच काही वाटलं नाही — डबी पोचली! ताईचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो, रांग सोडली.

"बाबांनी बघितली?"

"हातात घेतली. उलटी केली. नखाने कोपरा दाबला. झाकण दोनदा सरकवलं."

"मग?"

"म्हणाले, गोळ्या भर."

बस्स? बस्स. माझं तोंड इतकं पडलं असणार की ते तिला फोनवरून दिसलं. कारण मग तिने सांगितलं, जेवताना बाबांनी विचारलं, "किती दिवस लागले त्याला?"

"आठवडा तरी."

"एका जागी बसून?"

"हो."

मग म्हणे बराच वेळ नुसता भात कालवत होते. दुकानदाराचं काय, विचारलं. तो येतोय म्हणाली. बाबांनी पेटाऱ्याची किल्लीही काढून ठेवलीय, शेल्फावर, सगळ्यांना दिसेल अशी.

म्हणजे डबी आवडली, आणि तरी दे. मी काय समजायचं?

६ जानेवारी

गाढव आहे मी. गाढव!

सकाळीच फोन. ताई किंचाळतेय — "भिंगऱ्या, तुझी ती डबी उघडत नाहीये!"

"कशी उघडत नाही? फुस्स करून उघडते."

"फुस्स नाही आणि भुस्स नाही! काल रात्रीपासून बंद. बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या आत. मी ओढून बघितलं, ह्यांनी ओढून बघितलं. हे हातोडी घेऊन आलेत!"

मागून भाऊजी — "एक घाव घालतो, विचार त्याला, चालेल का!"

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समुद्राकाठचं आमचं घर. भिंतींना ओल, मिठाला पाणी, न्हाणीघराचं दार वर्षभर फुगलेलं. आणि मी ह्या हीटरच्या खोलीत, ओठ फुटतील अशा हवेत, आटून कडकडीत झालेल्या लाकडाची डबी केली. केस जाणार नाही अशी! घरी पोचली, पाणी प्यायली आणि फुगली. मालकीणबाईंना एवढं शिकवलं की लाकूड मेलेलं नसतं, आणि स्वतःला सांगायचं विसरलो. दुसरा कुणी चुकला असता तर चाललं असतं. मी फुगलेल्या दारांच्या घरात वाढलोय! बाबा प्रत्येक झाकणाला जरा फट ठेवायचे, आणि मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला घट्ट बसवता येत नाही.

"हातोडी नको!" मी ओरडलो. "तव्याजवळ ठेवा, जरा सुकू दे—"

"तोवर औषधं नकोत का त्यांना? पुन्हा दुकानातून आणायची? अहो, थांबा, थांबा ना!"

मग धडपड. काहीतरी पडल्याचा आवाज. मग बाबांचा आवाज, लांबून, पण मी कुठेही ओळखीन —

"ए! हातोडी खाली ठेव. लाकूड आहे ते, नारळ नव्हे. आण इकडे."

"बाबा, उघडायची कशी पण?"

"आण म्हणतोय ना."

चपलांचा आवाज. ताई म्हणाली, "अरे, ते डबी घेऊन बाहेर—" आणि फोन बंद पडला. लावला, लागला नाही.

७ जानेवारी

फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने करू? सुताराच्या पोराने केलेली डबी म्हणून पाठवली, आणि भाऊजींच्या हातात हातोडी आली. आता बाबा म्हणणार, पोराला शिकवलं ते फुकट, तर हत्यारं ठेवू कशाला. मीच स्वतःच्या हाताने किल्ली दुकानदाराला दिली.

आचाऱ्याने चहा पुढे ठेवला. म्हणाला, "माझं पण होतं कधीकधी. दाण्यादाण्याचा भात हवा, आणि गिचका होतो."

"मग काय करतोस?"

"काय करणार. गिऱ्हाईक घरचं असेल तर खातं."

८ जानेवारी

दुकानदार आला होता. ताई सांगते, त्याला पेटारा उघडून दाखवावा म्हणून ती शेल्फाकडे गेली, तर किल्ली नाही. शेड उघडी. बाबा नाकावर चष्मा लावून आत. त्याच्याकडे वळूनही न बघता म्हणाले, "हत्यारं कामात आहेत. पुढच्या वर्षी विचारा."

डबी परवाच उघडली. रंध्याचे दोन हात, बस्स. फट बरोबर बाबांच्या मापाची.

न्हाणीघराचं दार आता एका बोटाने लागतं. भाऊजी तरीही गातात.