शैलाची घरातली शपथ

मंगळवार, ३ फेब्रुवारी
आमची सून शैला उपसरपंच झाली. सात मतांतली चार तिला. पेढे वाटले, मला गोड लागेनात. शपथ झालीच नाही. टीव्हीवर उपमुख्यमंत्र्यालासुद्धा देतात. हिला रजिस्टरवर सही घेऊन घरी पाठवलं. उद्या कुणी पद कच्चं म्हणालं तर?

गुरुवार, ५
ग्रामसेवकाला गाठलं. म्हणाला, "काका, उपसरपंचाला शपथ लागत न्हाई. बैठकीत निवड झाली, इतिवृत्तात आली, संपलं." कायद्याचं पुस्तक मागितलं, दिलं बिचाऱ्यानं. शपथ कुठं सापडली नाही. पण चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे खात्री नाही. शपथेबिगर पद पक्कं का, असं दिसेल त्याला विचारत घरी आलो.

सोमवार, ९
आज घरीच उरकलं. मजकूर माझाच. देवघरापुढं शैलाच्या हातात बेलभंडार दिला. "कुणाला भिणार नाही, आपलं-परकं बघणार नाही."
"मामा, हे खरंच म्हणायचं?"
"खरंच. बेलभंडार हातात हाय."
म्हणाली. मन हलकं झालं. एक भाकरी जास्त गेली.

सोमवार, १६
सरपंच आजारी, कारभार शैलाकडं. नालीच्या आड येणारे पाच ओटे काढायचा ठराव जुनाच होता, हिनं आज नोटिसा काढल्या. पाचवा ओटा आमचा. मला नोटीस दिली, पोच म्हणून सही घेतली. मग म्हणाली, "मामा, चहा ठेवू का?"

बुधवार, १८
शेजारचे मन्मथअप्पा आले. त्यांचाही ओटा जायलाय. "शपथेबिगर पद कच्चं, असं तूच गावभर सांगत फिरलास की. तसा अर्ज कर, आमी सह्या देतो."
शैला आत भाकरी थापत होती. थापणं थांबलं.
मी म्हणालो, "शपथ झाली. माझ्यासमोर."
"कुठं?"
"देवघरात."
"कायद्यात बसती का ती?" अप्पा लय हसले.
आत थापणं पुन्हा सुरू झालं.

शुक्रवार, २०
अप्पांनी अर्ज लिहूनच आणला. पहिली सही माझी पाहिजे म्हणे. कागद ठेवून घेतला. ओटा बापाच्या हातचा, रोज संध्याकाळी तिथंच बसतो. पण सूनही रोजचीच.
उद्या मोजणी. शैला म्हणाली, "मामा, टेपचं दुसरं टोक धराल का?"
बघू म्हणालो. किती वाजता येणार, तेवढं मात्र विचारून ठेवलं.