मूळचे चार शॉकअप कोणाचे

ही जुनी गाडी मला भंगाराच्या भावात मिळाली, असं धाकटा भाऊ सांगत फिरतो. खरी किंमत अशी: माझी उजवी करंगळी, बायकोच्या बांगड्या आणि त्याच भावाशी असलेलं बोलणं. पहिल्या दोन गोष्टींची हळहळ आहे.

मी, खाली सही करणारा गॅरेजवाला, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कान त्याहून. कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारे आले होते, चहा पिऊन गेले. या कागदावर सही करायला मी त्याच गाडीतून जाणार, बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून. थेंब सांडला तर नाव बदलीन.

१. राहतं घर तहहयात बायकोचं. "आई, एवढ्या खोल्या कशाला?" असं विचारणाऱ्याचा हक्क तिथेच संपला.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. सगळी. म्हणजे पुढच्या कलमावर त्याने तोंड उघडू नये.

३. गाडी, हत्यारं आणि खड्ड्यातली उसळी जिरवणारे मूळचे चार शॉकअप सूनबाईला. कारण असं. शॉकअप झिजले, गाडी होडीसारखी डुलू लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, आजकालचे टाकू. संध्याकाळी मोकळे." त्यासाठी चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडाच, कापावी लागली असती. मी नाही म्हटलं, तर पठ्ठ्याने आत इंजिनाचं जाड तेल ओतलं, घट्ट होतील म्हणून. गाडीचा दगड झाला. बायकोची कवळी निखळली.

सूनबाईने मडगार्ड दाबून सोडलं, कान लावला. "बाबा, आत तेल फिरतच नाहीये. उघडते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मुलगा.

"अहो, इतकी वर्षं तुमची आदळआपट जिरवतेय. मला नाही कळणार?"

पातळ तेल भरून तिने पहिला बसवला. मडगार्ड एकदा खाली, एकदा वर, मग गप्प. तिथेच मी ठरवलं. चासीला आरी लावण्याचा अधिकार माझ्या पश्चातही कोणाला नाही.

४. भावाला शॉकअपमधून निघालेली झिजकी रबरं. भंगार कशाला म्हणतात ते त्याने रोज पाहावं. सूनबाईने त्याला एकदा मागच्या सीटवर बसवून खडीच्या रस्त्याने फिरवून आणावं. बोललाच पाहिजे असं नाही.

वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: शेजारचा शिंपी, समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई.
स्थळ: नोंदणी कार्यालय, वरचा मजला.
दिनांक: सहीखाली शिक्क्यात आहे तो.

ता. क. चौथा शॉकअप अजून सूनबाईच्या टेबलावर उघडा पडलाय. आम्ही सगळे बसने आलो.