कळलावीच्या शेंगा

कारधा
४ ऑक्टोबर १९८१

प्रिय सत्यभामा,

तुला आशीर्वाद. तुझ्या माहेरी मारोतराव मामाजींना आणि मामींना माझा नमस्कार सांगशील. मामाजींचं कार्ड आलं. तुझा ताप पुरता गेला आणि आता तू अंगणात येऊन बसतेस, हे वाचून बरं वाटलं. ताकदीच्या गोळ्या संपल्या असतील तर तिकडेच घे, थांबू नकोस.

इकडे ठीक आहे. मायची तब्येत बरी आहे. नदीचं पाणी उतरलं, त्यामुळे आता सायकलनं पुलावरून भंडाऱ्याला जाता येतं. दिवाळीसाठी शेठनी दुकानात पाणी भरायचे पितळेचे नवे गुंड मागवले आहेत. दिवसभर भांडी घासून चमकवायची आणि गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवायची. घरी आलो तरी हाताचा चिंचेचा वास जात नाही. गाय आटली आहे. धान यंदा बरं आहे म्हणतात.

एक सांगायचं राहिलं. घरामागच्या सांदवाडीत कुंपणावर तू लावलेली कळलावीची वेल तुटली. बुडापासूनच गेली, कंदही निघून आला. फुलं तर आधीच झडली होती, पण शेंगा धरल्या होत्या. बोटाएवढ्या, हिरव्यागार. पिकायला अजून अवकाश होता. सगळा पसारा उचलून गोठ्यामागं टाकायला निघालो होतो, पण शेंगांचा तेवढा तुकडा हातातून सुटला नाही. दारापुढच्या सपरीत खुंटीला टांगून ठेवला आहे. अशा तुटलेल्या शेंगांचं पुढं काही होतं का? तुला ठाऊक असेल तर लिही.

बाकी विशेष नाही. जेवत जा.

तुझा
भोजराज


कारधा
२२ ऑक्टोबर १९८१

प्रिय सत्यभामा,

तुझं पत्र आठ-दहा दिवसांपूर्वी दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. पत्ता बघूनच कळलं की मायच्या हाती पडू नये म्हणून तू तिकडे पाठवलंस. किती दिवसांनी तुझं अक्षर बघितलं! शेठ म्हणाले, "काय रे, भांडं उलटं धरून दाखवून राहिला लोकाईले!" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तू लिहिलंस तसंच केलं. "टांगू नका, वाळून बी पोचट राहील. देठाचं टोक तिरपं कापा आणि पाण्यात उभं ठेवा. पाणी रोज बदला. वेल तुटली तरी देठात थोडे दिवस जीव असतो, तेवढ्यात शेंग आपलं काम उरकते. अन् हात धुवा, विषारी असते." खुंटीवर शेंगा जराशा मलूल झाल्या होत्या, पण हिरव्या होत्या. मायचा जुना गडवा घेतला, त्यात दोन बोटं पाणी घालून खिडकीत ठेवला. दुसऱ्या सकाळी शेंगा पुन्हा टणक लागल्या हाताला. मला उगाच आनंद झाला.

एक शेंग मात्र कुजली. देठाजवळ बुरशी आली होती, ती काढून टाकली. बाकीच्यांचा हिरवा रंग आता पिवळसर होतो आहे.

वेल कशी तुटली, असं तू विचारलंस. तू विचारणार हे मला माहीत होतं, म्हणूनच 'तुटली' एवढंच लिहिलं होतं. मायनं ओढून काढली. तू लाखांदूरला गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. मी दुकानातून आलो तर ती सांदवाडीत विळा घेऊन बसली होती आणि वेल तिच्या पायाजवळ पडली होती. मी म्हटलं, "काहून तोडली?" तर म्हणते, "नावच कळलावी हाये. पोटातल्या लेकराले येळेच्या आधी कळा लावल्या तिनं. मी लावतानीच सांगतलं होतं, घरात नोको लावू. आयकलं का कोनी?"

मी म्हटलं, "माय, वेल कुंपणावर होती. सत्यभामेनं तिचं पानसुद्धा तोंडात घातलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तू आयकलंस." ती विळा उचलून घरात गेली.

तिनं तुला दवाखान्यात जे ऐकवलं, ते मी दाराबाहेरून ऐकलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणून तू तिकडेच राहिलीस तर मी तुला दोष देणार नाही.

आता गडवा खिडकीत बघून ती रोज बडबडते. "इख हाये थे, इख! माह्या पान्याच्या गडव्यात इख ठेवून राहिला." मी तिला दुकानातून नवा गडवा आणून दिला. तो तिनं फळीवर उपडा घालून ठेवला आहे.

तू पत्रात दुसरीही एक गोष्ट विचारली आहेस, शेवटच्या ओळीत. तिचं उत्तर लिहायला बसलो, आणि गडव्यातलं पाणी बदलायला उठलो. आज नाही जमत.

तुझा
भोजराज


कारधा
१५ नोव्हेंबर १९८१

प्रिय सत्यभामा,

मधे पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. दिवाळी आम्ही केली नाही. मायनं तुळशीपाशी दिवा लावला, तेवढंच.

आधी शेंगांचं सांगतो. देठ पिवळे पडून मऊ झाले तेव्हा तू सांगितल्याप्रमाणे पाण्यातून काढले आणि शेंगा सुपात कागदावर सावलीत ठेवल्या. त्या कागदासारख्या वाळत गेल्या. मंगळवारी सकाळी पहिली उकलली. तीन फाकांत, टोकाकडून खाली. आत लालभडक बिया, एकीला एक चिकटून. लहान शेंगांमध्ये काही नव्हतं, पांढरी चपटी टरफलं नुसती. पण मोठ्या दोन चांगल्या पिकल्या. वेल नसताना, मुळं नसताना पिकल्या, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं. आणि खरं सांगू, रागही आला. शेंगेला जमलं, मग पोरीला का नाही जमलं? मनात आलं तसं लिहितो आहे. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

माय सुपाजवळ येऊन बसली. हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मला वाटलं आता उचलून चुलीत घालते. ती म्हणाली, "भोजा, तुह्या आधी मले एक झालं होतं. ठाऊक हाये का तुले?"

मला ठाऊक नव्हतं. कोणीच कधी बोललं नाही.

"सातव्यातच झालं. पोरगाच होता. माही सासू म्हने, नदीवरून दोन दोन गुंड भरून आनले म्हनून गेला. मी म्हटलं, तुमीच त धाडत होत्या पान्याले. मनातच म्हटलं, तोंडानं नाई. मंग जिंदगीभर मी त्या गुंडाले हात लावतानी थरथरली." मग म्हणाली, "त्या वक्ती घरात कोनती कळलावी होती रे?"

मी सुपातली टरफलं वेचू लागलो.

"माह्या सासूले गुंड सापडला, मले वेल सापडली," माय म्हणाली. "कोनाच्या तरी माथी मारल्याबिगर बाईले झोप येत नाई का काय!" मग पदरानं नाक पुसून उठली आणि भात चढवला. जेवताना मला म्हणाली, "मी जातो लाखांदूरले. तिच्या मायच्या घरी जाऊन, तिच्या मायसमोर बोलतो. दवाखान्यात चार बायांसमोर बोलली होती मी." मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली. येत्या शनिवारच्या एसटीनं ती एकटी येते आहे. तिला एसटी लागते, उतरल्यावर आधी बसायला आणि गार पाणी दे. पुढं तिचं ऐकायचं की नाही, तुझं तू बघ. मी तिला काही शिकवून पाठवलेलं नाही.

आता तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर.

तू विचारलं होतंस, "तिला कुठं ठेवलं?" तू तापात होतीस, तुला काही सांगू नका असं बाईंनीच सांगितलं होतं. तू बरी झालीस तोवर माझ्या तोंडून शब्द निघेना. तू तिचं तोंडही नीट पाहिलं नाहीस, म्हणून आधी तेच लिहितो. केस खूप होते, काळेभोर, कपाळावर आलेले. कान तुझे, खालची पाळी गालाला चिकटलेली. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, मी बोट घातलं तर तिनं धरलं. जोरात धरलं, सत्यभामा. एवढ्याशा जिवाला एवढा जोर कुठून आला कोण जाणे. रडली फारशी नाही. मांजरीच्या पिलासारखा आवाज होता. पहाटे मायच्या मांडीवर गेली. माय तिला अंगाई म्हणत होती आणि ती गेल्यावरही म्हणत राहिली. मला थांबवता आलं नाही.

तुझ्या हिरव्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून मायनंच तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यातून पुलावरून आणलं, कोणाच्या हाती दिली नाही. आपल्या काठावर घाटाच्या वरच्या अंगाला करंजाचं झाड आहे, पूर आला तरी पाणी तिथवर चढत नाही. त्याच्या उगवतीकडच्या बाजूला मी खणलं. मोठे धोंडे बसवले आहेत, जनावर उकरणार नाही. मी रोज दुकानातून येताना तिथं सायकल उभी करतो. मायला वाटतं पुलावर गर्दी असते म्हणून उशीर होतो.

तू ये म्हणून हे लिहीत नाही. यावंसं वाटलं तर ये, राहावंसं वाटलं तर राहा. पण आलीस तर बसस्टँडवरून तुला आधी घरी नेणार नाही. आपण दोघं आधी तिच्याकडे जाऊ. आजवर मी तिथं एकटाच बसत आलो आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तुला सुचेल.

आपल्या मुलीचा बाप,
भोजराज